रखमी अजून आडातच आहे

वडवणीतून बीडकडे निघालं की डाव्या हाताला आसारामचं पंक्चरचं दुकान लागतं. त्याला चिकटून माझं चहाचं हॉटेल आहे, त्यामुळे त्याची बित्तंबातमी मला असते आणि माझी त्याला. दुकान म्हणजे चार पत्रे, हवेचं मशीन, पाण्यानं भरलेली कापलेली टाकी आणि खिळ्याला टांगलेल्या जुन्या ट्यूबा. हवेच्या मशीनवर मात्र कायम एक जाडजूड पुस्तक उपडं पडलेलं असायचं. गिऱ्हाईक आलं की आसाराम एक बोट वर करायचा. याचा अर्थ, पान संपेपर्यंत थांबा. डोक्यावर ऊन रणरणतंय, माणूस मोटरसायकल ढकलत घामाघूम होऊन आलाय, आणि हे महाराज बोट वर करून बसलेत. एकदा एका ग्रामसेवकानं त्याला चांगलंच फैलावर घेतलं, तर हा शांतपणे म्हणाला, "साहेब, इथं राजाची फौज चालून आली हाय. तुमची हवा तर आधीच गेली, ती आता कुठं जाती?"

ते पुस्तक म्हणजे 'आडाखालचं राज्य'. मी स्वतः पुस्तकांच्या वाटेला जात नाही, पण आसारामच्या तोंडून सगळी गोष्ट मला फुकटात पाठ झाली होती. एका कोरड्या गावात एक आड असतो. त्याच्या तळाशी एक दार असतं, दाराखाली एक राज्य असतं, आणि तिथल्या राजानं वरच्या सगळ्या गावांचं पाणी ओढून नेलेलं असतं. मग रखमी नावाची पोर कमरेला दोर बांधून पाणी परत आणायला खाली उतरते. पाण्याचे पहारेकरी, बोलणारी कासवं, उलट्या दिशेनं वाढणारी झाडं, असलं काय काय त्यात होतं. एकूण सहा भाग होणार होते. पाच निघाले होते.

दुकान टाकायच्या आधी आसाराम आणि त्याची बायको बायनाबाई ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचं, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. आसाराम सातवीपर्यंत शिकलेला, पण वाचायची खोड अशी की बाजाराच्या पुड्याचा कागदही उलगडून वाचायचा. कारखान्याच्या तळावर टोळ्यांच्या पोरांसाठी साखरशाळा भरायची. तिथल्या बाईंनी त्याची ती खोड बघून त्याला पहिला भाग दिला. मग संध्याकाळी चुली पेटल्या की हा आपल्या पाचटाच्या झोपडीच्या, कोपीच्या, तोंडाशी बसून मोठ्यानं वाचायला लागायचा. बाया भाकरी थापत ऐकायच्या, गडी बैलांना वैरण टाकता टाकता ऐकायचे. बायनाबाईनं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण गोष्ट ऐकावी तर तिनंच. कुठल्या कासवानं काय वचन दिलं होतं हे आसाराम विसरायचा, ती विसरायची नाही. तिच्या तव्यावर भाकरी करपली की टोळीतल्या बाया विचारायच्या, आज रखमीवर काय संकट आलं? त्या आधी या दोघांत बोलणं म्हणजे मोळी उचल, दोर दे, पोराला बघ, एवढंच. गोष्ट आल्यापासून ती दोघं उसाच्या सरीतही एकमेकांशी बोलायला लागली, हे मला त्यानंच एकदा लाजत लाजत सांगितलं होतं.

पाचवा भाग टाळेबंदीच्या आधीच्या दिवाळीत आला, तोवर ऊसतोड सोडून आसारामनं दुकान टाकलं होतं. त्याच्या शेवटी रखमी पाण्याची घागर घेऊन वर चढत असते, आणि खालून राजाची माणसं बाण मारून तिच्या डोक्यावरचा दोर कापतात. ती एका हातानं कपारीला धरून लोंबकळते. वर आडाच्या तोंडाएवढं आभाळ दिसत असतं, आणि तिथंच पुस्तक संपतं. बायनाबाई म्हणाली, पुढं? आसाराम म्हणाला, पुढल्या भागात. ती म्हणाली, मग आणा की. आणायला तो भाग लिहून व्हायला हवा होता.

लिहिणारे विठ्ठलराव सर हे काही लांबचे नव्हते. गेवराईकडच्या गोदाकाठच्या एका गावातले, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्यांचा फोन नंबर छापलेला होता. आसारामनं घाबरत घाबरत फोन लावला, तर सरांनाच केवढा आनंद झाला. पुढच्याच आठवड्यात ते एसटीनं वडवणीला आले, आसारामच्या दुकानातल्या टायरवर बसले आणि माझ्याकडची बालूशाही त्यांनी दोनदा मागून घेतली. बायनाबाईला मुद्दाम बोलावणं गेलं. सरांनी तिला विचारलं, रखमीला आता वर कशी आणू? बायनाबाई पदर सावरत म्हणाली, "दोर तुमीच कापला सर, आता तुमीच जोडा." सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. जाताना म्हणाले, असा वाचक मिळाल्यावर मी काय आणखी मागू.

लिहिणाऱ्या माणसाला वाचकाचा नंबर कळू देणं ही चूक असते, असं माझं आताचं मत आहे. आसाराम पंधरवड्याला फोन करायला लागला. कुठवर आलं, सर? सर म्हणायचे, चाललंय. मग म्हणायला लागले, बघू. मग फोन त्यांच्या पत्नी, वत्सलाबाई, उचलायला लागल्या, ते झोपलेत म्हणायच्या. आसारामला वाटायचं, दिवसाढवळ्या झोपतात म्हणजे सर आळसावले. व्हॉट्सॲपवर वाचकांचा एक ग्रुप निघाला होता, 'आडाखालची मंडळी' नावाचा. त्यात माजलगावचे, परळीचे, अंबाजोगाईचे लोक होते, एक प्राध्यापक होते, सायली नावाची एक नर्स होती. सर स्वतःही त्यात होते. काही बोलायचे नाहीत, पण होते. आणि हे सगळे जण रोज त्यांच्यासमोर सहावा भाग मागायचे. सणाच्या शुभेच्छांतही तेच, सरांच्या वाढदिवशीही तेच. आमच्याकडे पाहुण्याला जेवताना जसा आग्रह करतात, तसला तो आग्रह होता. समोरच्याच्या पोटात जागा आहे का, हे कुणी विचारत नव्हतं.

त्यातच एक दिवस आसारामनं माझ्या हॉटेलात बसून तो मेसेज रेकॉर्ड केला. बायनाबाई डबा घेऊन आली होती, गिऱ्हाईकं होती, वातावरण मजेचं होतं. तोंडाशी फोन धरून हा बोलला, "सर, नमस्कार. बायना इचारती, रखमीला किती दिस लटकवून ठेवता? तिचे हात दुखले आसतील. अन् एक काम करा सर, मरायच्या आधी तेवढं लिवून ठेवा, मग खुशाल जावा." मागे बायनाबाईचं हसू ऐकू येत होतं, आमचंही येत होतं. त्यानं तो सरांना पाठवला आणि वर ग्रुपवरही टाकला. ग्रुपला तो फारच आवडला. त्या दिवसापासून जो तो तेच म्हणायला लागला, मरायच्या आधी तेवढं लिहा सर. सरांनी नुसते जोडलेले हात पाठवले होते.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी सर गेले. आसारामच्या पुढ्यात तेव्हा उसाच्या ट्रॉलीचं अजस्र चाक पडलं होतं. ट्यूब टाकीत बुडवून तो बुडबुडा कुठून येतो ते बघत होता. फोन वाजला म्हणून त्यानं ओला हात पँटला पुसून बघितलं. सरांच्याच नंबरावरून त्यांच्या मुलीनं, मंजुषानं, ग्रुपवर लिहिलं होतं, बाबा आज सकाळी गेले. आसाराम उभ्या जागी म्हणाला, "आरं तिच्या. अर्ध्यात सोडून गेला की राव." मला वाटलं गावातलं कुणी गेलं. मी चहा ठेवून तिकडे गेलो, तोवर त्यानं अंगठ्यानं उत्तर लिहून पाठवूनही दिलं होतं. बाप गेल्याचं सांगणाऱ्या पोरीच्या ओळीखाली, पहिलाच मेसेज, सहाव्या भागाचं काय?

मग धरण फुटावं तसं झालं. भावपूर्ण श्रद्धांजली लिहिणारे लिहीत होते, पण मधून मधून सगळे तेच विचारत होते. कुणी लिहिलं की पाच भाग विकत घेतले ते काय यासाठी. कुणी म्हणालं, एवढी वर्षं करत काय होते. प्राध्यापकांनी लगेच कळवलं की घरच्यांची परवानगी असेल तर शेवट आपण लिहू शकतो. सायली नर्सनं एकच ओळ लिहिली, तुम्हा सगळ्यांची लाज वाटते, आणि ती ग्रुपमधून निघून गेली. आसारामला तिचा रागच आला. हिला काय झालं, म्हणाला.

दुपारी बायनाबाई डबा घेऊन आली तेव्हा त्यानं तिला सांगितलं. ती मटकन टायरवर बसली, सर बसले होते तिथंच. डबा मांडीवर तसाच धरला. मग तिनं विचारलं, "कशानं गेले?"

आसारामनं फोनकडे बघितलं. त्याला माहीतच नव्हतं. त्यानं विचारलंच नव्हतं, ग्रुपवर कुणीच विचारलं नव्हतं.

"सकाळपासून फोन हातात हाय अन् तुमी येवढं इचारलं न्हाई?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, पण आसारामची मान तिथं जी खाली गेली ती मी बघितली. त्यानं घाईघाईनं आपला तो मेसेज काढून टाकला. पण व्हॉट्सॲप असलं चोंबडं असतं, मेसेज काढून टाकला म्हणूनही तिथं लिहून येतं. मंजुषाच्या त्या ओळीखाली ती खूण तशीच राहिली, आणि ती मूळच्या मेसेजपेक्षा वाईट दिसत होती. संध्याकाळी कळलं की सरांची दोन्ही मूत्रपिंडं दोन वर्षांपासून निकामी होती. आठवड्यातून दोनदा ते डायलिसिसला बीडला जात. सायलीला तिथंच ते दिसले होते, आणि ग्रुपवर सांगू नकोस, आजाराची सबब सांगितल्यासारखं होईल, असं त्यांनी तिला बजावलं होतं.

दहाव्याला जायचं आसारामनं ठरवलं. मला म्हणाला, भेटून येऊ, माणूस आपल्या दुकानात येऊन गेला होता. ते खरंच होतं. पण त्यानं पाचवा भाग पिशवीत घातलेला मी पाहिला आणि त्याच्या मनात काय आहे ते ओळखलं. सहाव्या भागाचं काही लिहून झालंय का, निदान घरच्यांना काही सांगितलंय का, हे त्याला विचारायचं होतं. लाज वाटत होती आणि विचारायचंही होतं, दोन्ही एकाच माणसात. बायनाबाई म्हणाली, मीही येते. एसटीनं बीड, बीडहून गेवराई आणि पुढं रिक्षा करून आम्ही तिघं गोदावरीच्या काठावर पोचलो.

नदीला वाळू उपसून पडलेल्या खड्ड्यांत पाणी साचलं होतं. घाटाच्या पायऱ्यांवर दोन-तीन घरांचे विधी चालले होते. सरांना मुलगा नाही, पुतण्या परमेश्वर डोकं भादरून बसला होता. वत्सलाबाई पदर तोंडावर ओढून एका कडेला, त्यांच्याजवळ मंजुषा. आणि दुसऱ्या कडेला आमची आडाखालची मंडळी, वीसेक जण तरी असतील. पिंड मांडले, सरांना आवडायचं म्हणून कपभर चहा आणि बालूशाही ठेवली. तेवढ्यात प्राध्यापकांनी पुढं होऊन पुस्तकाचे चार भाग पिंडाशेजारी ठेवले. मग आसारामनं पिशवीतून पाचवा काढला आणि शेवटचं पान उघडून तो शेजारी ठेवला. भटजींनी आयुष्यात बरंच काही ठेवलेलं पाहिलं असेल, तंबाखू, पत्ते, चष्मा. त्यांनी काही हरकत घेतली नाही.

सगळे मागं सरले. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. आमच्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही की माणूस कशात तरी अडकलाय असं धरतात, आणि मग जिवंत माणसं एकेक वचन द्यायला लागतात. परमेश्वरनं हात जोडून सांगितलं, काकूंना अंतर देणार नाही. कावळा जागचा हलला नाही. मंजुषाचं पुढचं शिक्षण करू. नाही. शेत विकणार नाही. नाही. ऊन चढलं. माणसं कुजबुजायला लागली. कुणीतरी मागून म्हणालं, सरांचं पुस्तक राहिलंय. आणि सगळ्या माना आमच्याकडे वळल्या.

आसारामनं चपला काढल्या. तो पिंडापुढं जाऊन उभा राहिला, हात जोडले आणि ट्रॅक्टरवाल्याला हाक मारावी तसल्या खणखणीत आवाजात म्हणाला, "सर, काळजी करू नका. सहावा भाग आमी पुरा करून घेऊ. रखमीला वर आणू."

बाभळीवरचा एक कावळा उठला. आमच्या डोक्यावरून त्यानं एक घेर घेतला आणि पार नदीपलीकडे जाऊन बसला. परक्या घरच्या लोकांतून कुणीतरी हसलं. आसाराम तसाच हात जोडून उभा राहिला, कारण आता मागं कसं यायचं हे त्याला कळत नव्हतं.

तेव्हा वत्सलाबाई उठल्या. तोंडावरचा पदर त्यांनी मागं सारला आणि त्या त्याच्याजवळ आल्या.

"वडवणीचे पंक्चरवाले तुमीच ना?"

"हो, बाई."

"आवाजावरून वळखलं," त्या म्हणाल्या. "घरात लई दिस ऐकलाय तुमचा आवाज."

मग त्यांनी जे सांगितलं ते सगळ्या घाटावर ऐकू गेलं. डायलिसिसवरून आले की सर आडवे व्हायचे आणि आसारामचा तो मेसेज लावायचे. आधी हसायचे. म्हणायचे, बघ, हा माणूस दिवसभर चाकं उचलतो आणि याला रखमीचे हात दुखतील याची काळजी आहे. मग उठून टेबलाशी बसायचे. सुया टोचून हात सुजलेला, दोन ओळी लिहायचे आणि खोडायचे. वत्सलाबाई म्हणायच्या, राहू द्या आता. सर म्हणायचे, वडवणीचे थांबलेत ना. शेवटी शेवटी लिहायला उठणंही होईना. तरी मेसेज लावायचेच, आणि तो संपला की भिंतीकडे तोंड करून पडायचे.

आसारामचे जोडलेले हात खाली आले. आमच्या मंडळींतले लोक पायाखालच्या पायऱ्या बघत होते. प्राध्यापक कुठं तरी मागं दिसेनासे झाले.

"पुस्तकासाठी अडकले म्हणता," वत्सलाबाई म्हणाल्या, "मला तर वाटतं तुमीच दोर धरून बसलाय त्यांचा. आता सोडा. आमाला शेवट नको म्हणा. तुमच्याच आवाजात म्हणा, तो त्यांना वळखू येतो."

किती साधी गोष्ट मागितली त्या बाईनं. कुणीही म्हटलं असतं. पण आसारामचे ओठ हलले आणि थांबले. मी त्याच्या बाजूला होतो, मला त्याचा चेहरा दिसत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, सरांसाठीच वाहत होतं, यात मला शंका नाही. आणि तरी ते तीन शब्द त्याच्या तोंडून निघत नव्हते, कारण त्याला शेवट हवा होता. त्या क्षणीही हवा होता. शेवटी तो पुटपुटला. वत्सलाबाई म्हणाल्या, मोठ्यानं म्हणा.

"सर, आमाला शेवट नको."

आम्ही सगळे बाभळीकडे बघत राहिलो. कावळे बसलेले होते ते बसूनच राहिले. पलीकडच्या घरचे लोक खोळंबले होते. भटजींनी थोडा वेळ वाट पाहिली, मग दर्भाची काडी वळून कावळा केला आणि पिंडाला लावला. असं करता येतं, शास्त्रात सोय आहे. वत्सलाबाई वाकून पिंडाला हात जोडून परत आपल्या जागी जाऊन बसल्या. आसारामकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. पाचवा भाग उचलायचंही त्याला सुचलं नाही, तो बायनाबाईनं उचलला आणि पदराखाली धरला.

परतीच्या एसटीत मी त्याची समजूत काढायचा प्रयत्न केला. म्हटलं, एवढी गर्दी, वर चकचकीत कव्हरची पुस्तकं, कुठला कावळा येतोय? आसाराम खिडकीकडे तोंड करून बसला होता.

"कावळ्याला कळलं," तो म्हणाला. "मी तोंडानं म्हणलो रे. पोटातून न्हाई म्हणलो."

बायनाबाई म्हणाली, "मीबी हसलतेच की त्या मेसेजात." एवढंच. वडवणी येईपर्यंत पाचवा भाग तिच्या पदराखालीच होता.

त्यानंतर हवेच्या मशीनवर पुस्तक दिसलं नाही. गिऱ्हाईक आलं की आसाराम लगेच उठतो, बोट वर करत नाही. लोक खूश आहेत. मी नाही. त्याच्यासारखा वाचणारा माणूस नुसता ट्यूबा घासताना बघवत नाही. दुपारी डबा उघडला की तो भाकरीचा कुटका पत्र्यावर ठेवतो आणि काहीतरी पुटपुटतो. काय म्हणतो हे मला न विचारताच कळलं होतं. कावळे येऊन भाकरी घेऊन जातात, एकदाही चुकले नाहीत. एकदा मी म्हटलं, आता तर शिवतोय की, झालं ना तुझं? तर म्हणाला, "ह्यो भुकेचा कावळा हाय. मी अजून म्हणतानी रखमी मधी येती."

गेल्या महिन्यात ग्रुपवर प्राध्यापकांनी सहावा भाग टाकला. घरच्यांची परवानगी मिळाली नाही तरी त्यांनी शेवट लिहूनच काढला होता. लोकांनी अंगठे, फुलं, हात, काय काय पाठवलं. घाटावर माना खाली घालून उभे राहिलेलेही त्यात होते. मी बघत होतो. आसाराम फोन हातात घेऊन टायरवर बसला. अंगठा त्या फाइलीवर ठेवायचा आणि उचलायचा. चाक उघडून ठेवलेला एक मोटरसायकलवाला समोर उभा, त्याच्याकडेही लक्ष नाही. तेवढ्यात बायनाबाई डबा घेऊन आली. तिला बाजारातच कुणीतरी सांगितलं होतं.

"शेवट आलाय म्हणं," ती म्हणाली.

"आलाय."

ती त्याच्याशेजारी बसली. तिला ऐकायचं होतं, हे तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. पाच वर्षांहून जास्त काळ तिनं रखमीला त्या कपारीला धरून ठेवलं होतं. आसारामनं तिच्याकडे बघितलं.

"तूच म्हणलीवतीस ना सरांना," तो म्हणाला. "दोर तुमी कापला, तुमीच जोडा."

बायनाबाईनं हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "मग पुसून टाका."

त्यानं ती फाइल काढून टाकली, ग्रुपमधूनही बाहेर पडला. मोटरसायकलवाल्याला थांबायला सांगून तो दुकानाच्या मागं गेला, तिथं माझी भांडी घासायची जागा आहे. त्यानं सरांच्या नंबरावर रेकॉर्ड केलेलं मला भिंतीआडून ऐकू आलं. या वेळी मागं कुणी हसत नव्हतं. "सर, मी आसाराम, वडवणीचा. आमाला शेवट नको, सर. रखमी ऱ्हाऊ द्या तिथंच. तुमी जावा." मधे एकदा आवाज फुटला, तर त्यानं खाकरून परत पहिल्यापासून म्हटलं.

तो बाहेर आला, पंक्चर काढलं, चाक बसवून दिलं. हात धुताना फोन वाजला. पडद्यावर विठ्ठलराव सर असं नाव आलं. आसारामनं ओल्या हातानंच फोन उचलला. वत्सलाबाईंचा आवाज मला तिथवर ऐकू येत होता.

"फोटोपुढं लावला मी," त्या म्हणाल्या. "ऐकवला त्यांना." थोडं थांबून म्हणाल्या, "आता परत फोन करू नका."

"न्हाई करणार, बाई," आसाराम म्हणाला. तिकडून फोन ठेवलेला होता. तरी तो कानाला तसाच धरून, मान खाली घालून, तो पुन्हा एकदा म्हणाला, न्हाई करणार.